घोडागाडीशेजारी लावलेली आरव्ही

जून-जुलै आला की फेसबुकवर एक ठरावीक फोटो दिसायला लागतो. अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आईबाबा, मागे मक्याचं हिरवंगार शेत आणि रस्त्यावरून जाणारी एक घोडागाडी. खाली ओळ : "इथे अजून वीज वापरत नाहीत म्हणे!" न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, मेरिलँडकडच्या मराठी मंडळींचा हा हक्काचा वीकेंड असतो. नायगारा एकदा होतो, वॉशिंग्टन एकदा होतं, मग उरतं पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर, आमिश लोकांचा मुलूख. अलीकडे त्यात आरव्हीची भर पडली आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास, एसी सगळं. ती भाड्याने घ्यायची, शेताच्या कडेच्या कॅम्पग्राउंडवर लावायची, सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचं आणि शेजारचा शेतकरी खेचरं जुंपून नांगरतोय ते बघायचं.

बघण्यात गैर काही नाही. पण फोटोखालच्या त्या "अजून" या शब्दावर मला थोडं लिहायचं आहे. अजून म्हणजे काय, तर काळ पुढे गेला आणि हे बिचारे मागे राहिले. इतिहास बघितला तर गोष्ट बरीच वेगळी निघते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी कॅम्पग्राउंडचंच बघू. मोठी आरव्ही लावायची असेल तर ५० अँपिअरची जोडणी मागतात. ५० अँपिअर, २४० व्होल्ट, म्हणजे १२ किलोवॅट. आपल्याकडच्या साध्या फ्लॅटचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट असतो, त्याच्या तिप्पट वीज एका मुक्कामाच्या गाडीला. आणि तारेच्या कुंपणापलीकडे जे घर आहे, त्याने तारेची वीज शंभर वर्षांपूर्वी विचार करून नाकारलेली आहे. दोघांमध्ये अंतर किती? मक्याच्या वीस-पंचवीस ओळी.

हे लोक आले कुठून? १५२५ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. म्हणणं साधं होतं : तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून कोणी ख्रिस्ती होत नाही, मोठं होऊन, समजून उमजून धर्म घ्यायचा असतो. आज आपल्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या काळी बाप्तिस्मा ही गावची जन्मनोंदही होती आणि राजनिष्ठाही. तो नाकारणं म्हणजे राज्य नाकारणं. त्यात हे लोक शस्त्र धरायला नाही म्हणत आणि शपथ घ्यायलाही. १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला झुरिकच्या नदीत बुडवून मारलं. पाणीच हवंय ना, घ्या पाणी, असा तो क्रूर विनोद. नंतरची दीडशे वर्षं जाळणं, बुडवणं, हाकलणं चालू राहिलं.

त्या काळातली एक गोष्ट आमिश घरांत आजही मुलांना सांगतात. १५६९ मध्ये हॉलंडमध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस कैदेतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार झाला, पण पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि त्यामुळेच पकडला गेला. त्याला जाळलं. शत्रूला वाचवलं म्हणून सुटका झाली, असा गोड शेवट या गोष्टीला नाही. हुतात्म्यांच्या अशा कथांचा १६६० चा जाडजूड डच ग्रंथ पुढे १७४८-४९ मध्ये जर्मनमध्ये छापला गेला तो लँकेस्टर परगण्यातच, एफ्राटा गावी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याआधी तिथे छापलेलं ते सगळ्यात मोठं पुस्तक.

१६९३ मध्ये या पंथात फूट पडली. याकोब अम्मान म्हणाला की नियम मोडणाऱ्याशी व्यवहार तोडायलाच हवा, ढिलाई नको. त्याच्या मागे गेले ते आमिश. बाकीचे मेनोनाइट. भाऊबंदकीच म्हणा, फक्त बांधावरून न होता धर्मावरून झालेली.

इकडे विल्यम पेन या क्वेकर गृहस्थाला इंग्लंडच्या राजाने १६८१ मध्ये अमेरिकेत मोठा प्रदेश दिला होता. तिथे धर्मावरून कोणाला छळायचं नाही, असं त्याने जाहीर केलं. मेनोनाइट १७१० च्या सुमारास लँकेस्टर भागात आले, आणि १७३७ मध्ये 'चार्मिंग नॅन्सी' या जहाजातून आमिश कुटुंबांचा पहिला मोठा जथा उतरला. युरोपात मागे राहिलेले हळूहळू मेनोनाइटांत मिसळून गेले. शेवटची युरोपीय आमिश मंडळी १९३७ मध्ये जर्मनीत विलीन झाली. म्हणजे ज्याला आपण युरोपचा जुना अवशेष समजतो तो आज फक्त अमेरिका खंडात जिवंत आहे.

ही जमीन मात्र रिकामी नव्हती. इथे कोनेस्टोगा म्हणून ओळखले जाणारे मूळ रहिवासी होते, त्यांच्याशी पेनने मैत्रीचे करार केले होते. १७६३ च्या डिसेंबरपर्यंत त्यांची फक्त वीस माणसं उरली होती. 'पॅक्स्टन बॉइज' नावाच्या गोऱ्या टोळीने १४ डिसेंबरला त्यातल्या सहा जणांना मारलं. उरलेल्या चौदांना संरक्षणासाठी लँकेस्टरच्या तुरुंगात ठेवलं, तर २७ तारखेला टोळीने तिथे घुसून त्यांनाही कापलं. बायका-मुलांसकट. हे काम आमिशांनी केलं नाही. पण छळ सोसून आलेल्यांना जी सुपीक जमीन मिळाली, तिच्या सातबाऱ्यावर आधी कोणाचं नाव होतं हे पर्यटनाच्या पत्रकात सहसा नसतं.

कोनेस्टोगा हे नाव एका वेगळ्या गोष्टीने जगभर गेलं. या खोऱ्यात अठराव्या शतकात एक अवजड मालगाडी तयार झाली. नावेसारखा बाकदार तळ, वर पांढऱ्या कापडाचं छप्पर, पुढे चार-सहा घोडे. तीच कोनेस्टोगा वॅगन. तिच्या वाहतुकीसाठी फिलाडेल्फिया ते लँकेस्टर असा खडी घातलेला टोलरस्ता १७९५ मध्ये पुरा झाला, अमेरिकेतला पहिला लांब पक्का रस्ता. म्हणजे घरदार गाडीत घालून लांबच्या वाटेला लागण्याचं अमेरिकन वेड शोधत मागे गेलात, तर एक धागा याच शेतांत येऊन पोचतो. आज त्याच पट्ट्यातल्या रस्त्यांवर तीस फुटी आरव्ही घोडागाडीच्या मागे ताशी पंधरा किलोमीटरने रांगत असते आणि चालक वैतागलेला असतो.

आता विजेकडे येऊ. आमिश "यंत्राला भितात" ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. त्यांच्याकडे प्रत्येक मंडळी, म्हणजे पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा गट, आपले नियम स्वतः ठरवते. चर्चची इमारत नसते. आळीपाळीने एकेकाच्या घरी उपासना, आणि बसायची बाकं एका गाडीतून या घरून त्या घरी फिरतात. (आपल्याकडे भजनी मंडळाची सतरंजी फिरते तशी.) नवी वस्तू आली की तिथे विचार होतो : याने माणूस माणसापासून लांब जाईल का? टेलिफोन आधी काही घरांत आला होता, १९१० च्या सुमारास लँकेस्टरच्या आमिशांनी तो घराबाहेर काढला. पुढे शेताच्या कडेला दोन-चार घरांत मिळून एक टेलिफोनची टपरी चालवून घेतली. गरज असेल तर फोन करा, पण जेवताना घरात घंटी नको. हातात मोबाइल घेऊन जेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर हसू नये.

१९२० च्या सुमारास तारेची वीज नाकारली. बॅटरी चालते, डिझेल इंजिन चालतं, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं चालतात. तार मात्र नको, कारण ती घराला बाहेरच्या जगाशी कायमची बांधते. मोटारीत बसायला हरकत नाही, मोटार मालकीची नको, कारण मोटार आली की लांबचं जग जवळ येतं आणि शेजारचं घर लांब जातं. १९६० च्या दशकाच्या शेवटी दूध कंपन्यांनी सांगितलं की थंड टाकी बसवा नाहीतर दूध घेणार नाही. मग वाटाघाटी झाल्या. टाकी आली, ती थंड ठेवायला डिझेल इंजिन, ढवळायला १२ व्होल्टची बॅटरी, आणि बदल्यात कंपन्यांनी मान्य केलं की रविवारी दूध न्यायला गाडी येणार नाही. आपल्याकडे दूध संघाशी कोणी असा सौदा केल्याचं ऐकलंय?

थोडक्यात, ही माणसं काळात अडकलेली नाहीत. शंभर वर्षं ती काळाशी घासाघीस करत आली आहेत.

घासाघीस फक्त कंपन्यांशी नव्हती. सरकारशी तर जोरदार होती. १९३७ मध्ये लँकेस्टरजवळच्या ईस्ट लॅम्पीटरमध्ये दहा एकखोली शाळा मोडून एक मोठी शाळा बांधायचं ठरलं. आमिशांनी विरोध केला. त्यांची मुलं आठवीपर्यंत शिकतात, तीही चालत जाता येईल अशा शाळेत. पुढे हायस्कूल नको, कारण तिथून मूल शेतावर परत येत नाही. बातमी न्यूयॉर्कच्या पेपरांपर्यंत गेली, आणि शहरातल्या वाचकाला पहिल्यांदा कळलं की दोन-तीन तासांवर अशी माणसं राहतात. बघायला येणाऱ्यांची सुरुवात इथून झाली, असं अभ्यासक मानतात.

१९४९ नंतरच्या काही वर्षांत पेनसिल्व्हेनियात मुलांना शाळेत पाठवत नाहीत म्हणून आमिश बापांना पकडून तुरुंगात टाकत होते. शेवटी १९५५ मध्ये तोडगा निघाला : आठवीनंतर मुलांनी आठवड्यातून तीन तास वर्गात यायचं आणि बाकी वेळ घरच्या शेतीकामाचा अभ्यास धरायचा.

आता त्याच १९५५ सालाकडे बघा. जानेवारीत ब्रॉडवेवर 'प्लेन अँड फॅन्सी' नावाची आमिशांवरची संगीतिका आली आणि गाजली. त्याच वर्षी लँकेस्टरला 'आमिश फार्म अँड हाउस' सुरू झालं, तिकीट काढून आमिश घर आतून बघायचं पहिलं ठिकाण. पुढे १९५९ मध्ये स्ट्रासबर्गची जुनी रेल्वे पर्यटकांसाठी धावायला लागली, १९६३ मध्ये शेजारी मुलांचं करमणूक उद्यान आलं. दरम्यान १९५६ च्या कायद्याने देशभर इंटरस्टेट महामार्ग बांधायला घेतले होते, आणि मागे ट्रेलर ओढत सुट्टीला निघणारं कुटुंब ही नेहमीची गोष्ट झाली. कॅम्पग्राउंडं आली ती या लाटेत. काल ज्यांच्या बापांना कोठडीत टाकलं, आज त्यांची घोडागाडी राज्याच्या पत्रकावर! हा बदल प्रेमापोटी झाला की पैशापोटी, ते तुम्ही ठरवा. माझं मत, दोन्ही होतं, पण पैसा जास्त.

इतर राज्यांत मात्र भांडण संपलं नव्हतं. १९ नोव्हेंबर १९६५ ला आयोवात अधिकारी आमिश मुलांना जबरदस्तीने बसमध्ये घालून सरकारी शाळेत न्यायला आले. मुलं घाबरून मक्याच्या शेतात पळाली, आणि एका छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. फोटो देशभर छापून आला, लोक हळहळले. आमिश फोटोला नको म्हणतात, दहा आज्ञांतल्या मूर्तिनिषेधामुळे आणि मिरवणं नको म्हणून. पण त्यांच्या बाजूने लोकमत वळवायला एक फोटोच कामी आला. कोर्टात जाणंही त्यांच्या नियमात बसत नाही, म्हणून दुसऱ्या पंथातल्या एका पाद्र्याने १९६७ मध्ये समिती काढली आणि वकील दिला. विस्कॉन्सिनमधल्या तीन बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १५ मे १९७२ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला.

इथे माझी एक तक्रार आहे. त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत दिलं : बापाचा धर्म ऐकला, पण मुलांना कोणी विचारलं का? एखाद्या मुलीला पियानो वाजवायचा असेल किंवा अंतराळात जायचं असेल तर? सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रातून बघताना हा प्रश्न मला डावलता येत नाही. आठवीवर थांबलेलं मूल मोठं होऊन बाहेर पडतो म्हणालं, तर हातात काय असतं? आमिशांचा इतिहास सांगताना भारावून जाऊन हे लपवणारे खूप लेख आहेत, त्यात आणखी एक नको.

करांची लढाई त्यामानाने लवकर संपली. आमिश आयकर भरतात, घरपट्टी भरतात, स्वतः न वापरलेल्या सरकारी शाळांचा करही भरतात. सोशल सिक्युरिटी मात्र भरायला तयार नव्हते. म्हातारपणी माणसाला मंडळीने सांभाळायचं, सरकारने नव्हे, म्हणून. १९६१ मध्ये व्हॅलेंटाइन बायलर नावाच्या शेतकऱ्याचे तीन घोडे, ऐन नांगरटीच्या दिवसांत, कर अधिकाऱ्यांनी शेतातून सोडवून नेले आणि लिलावात विकले. एवढा बोभाटा झाला की १९६५ मध्ये स्वतःचा धंदा-शेती करणाऱ्या आमिशांना सूट मिळाली.

आता परत पर्यटनाकडे. १९८५ मध्ये हॅरिसन फोर्डचा 'विटनेस' आला, चित्रीकरण लँकेस्टरलाच, आणि गर्दीला उधाण आलं. आज त्या एका परगण्यात वर्षाला ८० लाखांहून जास्त लोक येतात. आमिशांना यातून मिळालं काय? काहींना बरंच. गोधडी, लोणची, मुरांबे, लाकडी फर्निचर, रस्त्याकडेची भाजीची टपरी. गोधडीची तर मजाच झाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या गोधड्या भिंतीवर चित्रासारख्या टांगल्या, आणि आजीच्या पेटीतल्या आमिश गोधडीला अचानक भाव आला. मागणी इतकी वाढली की लँकेस्टरमध्ये विकल्या जाणाऱ्या बऱ्याच 'आमिश' गोधड्यांवर व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासित बायकांचे टाके असायचे. पर्यटक विकत घेतोय अठराव्या शतकातली शांतता, आणि शिवतेय विसाव्या शतकातल्या युद्धातून पळून आलेली बाई.

आणि काही गोष्टी अशा, की बघायला काही उरूच नये असं त्यांनी केलं. २ ऑक्टोबर २००६ ला निकेल माइन्स गावच्या एकखोली शाळेत एका बाहेरच्या माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं. त्याच संध्याकाळी आमिश शेजारी त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या दारी गेले, तुमच्याबद्दल मनात राग नाही हे सांगायला. पुढे त्याच्या अंत्यविधीलाही गेले. डर्क विलेम्सची गोष्ट वर सांगितली ती यासाठी. जगभरचे कॅमेरे आले होते. दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरच्या पहाटे, शाळा पाडून टाकली आणि तिथे गवत लावलं. स्मारक नाही, पाटी नाही. नवी शाळा दुसरीकडे बांधली, नाव 'न्यू होप'. आपल्याकडे एखाद्या दुर्घटनेनंतर काय काय उभं राहतं ते आठवून बघा.

पर्यटनाचा खरा भार मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही. तो जमिनीवर आहे. लँकेस्टरची चुनखडीची काळसर माती पावसाच्या पाण्यावर भरघोस पिकते. पण मोटेल, आउटलेट मॉल, बंगले, कॅम्पग्राउंड सगळ्यांना तीच जमीन हवी. आणि आमिश वाढताहेत : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे मिळून पाच-सहा हजार होते, आज चार लाखांच्या आसपास आहेत. दर वीसेक वर्षांनी दुप्पट. घरटी सहा-सात मुलं आणि पन्नास-साठ एकरांचं शेत. गणित सोपं आहे. आपल्याकडे वाटण्यांनी शेताचे तुकडे झाले. त्यांनी तुकडे टाळले, मग मुलांनी एक तर केंटकी, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिनला स्वस्त जमीन शोधत जायचं किंवा शेती सोडून सुतारकाम, दुकान धरायचं. आज लँकेस्टरच्या निम्म्याहून कमी आमिश घरांचं पोट शेतीवर आहे. फोटोतला शेतकरी आता त्यांच्यातही अल्पसंख्य होतोय.

त्यांनी आवाज उठवला तो एकदाच मोठ्याने. सत्तरच्या दशकात एका द्रुतगती मार्गाचं काम सुरू होऊन पैशाअभावी बंद पडलं होतं. तयार भराव गवताने भरला, लोक त्याला 'शेळीवाट' म्हणायला लागले. १९८७ मध्ये नव्या मार्गाचे नकाशे आले, त्यातले काही थेट आमिश शेतांतून. जाहीर सभेला सुमारे हजार आमिश आले. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, काळे कोट घालून शांत बसून राहिले. मार्ग झाला नाही. पुढच्याच वर्षी एक खासगी भूमी न्यास निघाला, कारण शेतं कायमची शेतंच ठेवायच्या बदल्यात सरकारी पैसा घ्यायला आमिश तयार नव्हते. परगण्याचं मंडळ आणि हा न्यास मिळून एक लाख एकरांहून जास्त जमीन आज तिथे राखीव आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं. दोन्ही आणताना 'जमीन आधी, पर्यटक नंतर' हा क्रम कोणी तपासला का, हे त्या क्षेत्रातल्या वाचकांनी सांगावं.

आता शेवटची गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. लँकेस्टरहून पश्चिमेला आठशे-नऊशे किलोमीटरवर इंडियाना राज्यात एल्कहार्ट आणि लाग्रांज हे दोन परगणे आहेत. ही आमिशांची तिसरी मोठी वस्ती. लाग्रांजमध्ये तर दर तीन माणसांतला एकाहून जास्त आमिश. घोडागाड्या इथे काळ्या, लँकेस्टरच्या राखाडी. शिपशेवाना गावात १९२२ पासून चालणारा लिलाव आणि बाजार आहे, उन्हाळ्यात तिथे आरव्हींची रांग लागते. आणि हाच भाग अमेरिकेची आरव्ही राजधानी आहे! देशातल्या बहुतांश आरव्ही इथे बनतात, १९३० च्या दशकापासून. बनवतं कोण? अर्थात अनेक जण, पण त्यात हजारो आमिश. इथल्या निम्म्याहून जास्त आमिश पुरुषांचं पोट एकेकाळी कारखान्यावर होतं. आठवीपर्यंत शिक्षण, लाकडात हात बसलेला, युनियन नको म्हणणारा, पहाटे चारला कामावर हजर. नगावर पैसे, दुपारी घरी. कारखान्यात न्यायला भाड्याची व्हॅन येते, कारण मोटार मालकीची नाही.

ते स्वतः याकडे काळजीने बघतात. त्यांच्यात याला 'जेवणाच्या डब्याचा प्रश्न' म्हणतात. बाप सकाळी डबा घेऊन गेला की दुपारच्या ताटावर नसतो, मुलगा त्याच्या हाताखाली काम शिकत नाही, आणि हातात रोख पैसा खेळायला लागतो. डबा म्हणजे काय हे मुंबईकराला समजावायला नको. फोनची घंटी जेवणातून हाकलली, पण डबा आत आला.

मग २००८ ची मंदी आली. पेट्रोल महाग, कर्ज बंद, आरव्ही कोण घेणार? २००९ मध्ये देशभरात जेमतेम १ लाख ६५ हजार गाड्या गेल्या, दोनच वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून कमी. एल्कहार्टची बेकारी वीस टक्क्यांच्या घरात पोचली. ९ फेब्रुवारी २००९ ला नवे अध्यक्ष ओबामा तिथे आले, कारण मंदीचा चेहरा दाखवायला यापेक्षा बोलकं गाव नव्हतं. आमिश घरांतही काम गेलं, आणि सरकारी बेकारभत्ता घ्यायचा की नाही यावर मंडळ्यांत वाद झाले. काहींनी घेतला. ज्यांचे आजोबा सोशल सिक्युरिटी नको म्हणून भांडले त्यांचे नातू. बारा वर्षांनी करोनाने उलट केलं. विमानं बंद, हॉटेलांची भीती, सगळ्यांना आरव्ही हवी. २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आजवरचा उच्चांक. आमिश घरांत कधी नव्हे इतका पैसा आला, आणि दोन वर्षांत मागणी पुन्हा निम्म्यावर उतरली.

म्हणून 'जुन्या काळात जाऊन या' हे पत्रकावरचं वाक्य मला खटकतं. तुम्ही झोपता त्या गाडीतली कपाटं कदाचित आमिश हाताने ठोकलेली आहेत. ती गाडी तो कारागीर कधी विकत घेणार नाही, चालवणार नाही. त्याला सुट्टी घ्यायची झालीच तर हिवाळ्यात भाड्याच्या बसने फ्लोरिडात सॅरासोटाजवळ पाइनक्राफ्टला जातो. तिथे टोपी-दाढीवाले आमिश आजोबा तीनचाकी सायकलवरून फिरतात. त्यांनाही समुद्र आवडतो!

जाणाऱ्यांसाठी थोडं. रविवारी जाऊ नका, सगळं बंद असतं. माणसांचे फोटो घेऊ नका, शेताचे, गाईंचे घ्या. घोडागाडी ओलांडायची घाई करू नका आणि हॉर्न तर अजिबात नको, घोडा बुजतो. जमलं तर फेब्रुवारी-मार्चमधल्या 'मड सेल'ला जा. बर्फ वितळून चिखल झालेला असतो, म्हणून हे नाव. गावच्या अग्निशमन दलासाठी निधी जमवायला तिथे लिलाव होतो, आणि त्या दलात आमिश स्वयंसेवकही असतात. बंब चालवायचा नाही, पण बंबातून जाऊन आग विझवायची. तिथे तुम्हाला कोणी दाखवण्यासाठी नटलेलं नसतं. आणखी एक : त्यांच्या बोलीत आमिश नसलेला प्रत्येक जण 'इंग्लिश'. त्यामुळे साताऱ्याहून आलेल्या, नऊवारी नेसलेल्या आजी तिथे इंग्लिशच ठरतात. त्यांना हे आधी सांगून ठेवा.

आरव्ही भाड्याने घेतलीत, तर बाहेरच्या बाजूला कंपनीचं लेबल चिकटवलेलं असतं, ते वाचा. एल्कहार्ट, गोशेन, मिडलबरी, टोपेका, शिपशेवाना यातलं गाव दिसलं तर फोटो काढून खाली टाका. लेबलाच्या फोटोला कोणाची हरकत नाही.